जुन्या आवृत्तीतली वाडी

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तिथे तळमजल्यावर एक थंड खोली आहे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बॅचमधला थोडा नमुना बाटलीत भरून, चिठ्ठी लावून त्या खोलीत ठेवतात. पुढेमागे कुणी तक्रार केली, तर बाटली काढायची आणि तपासायची. मुदत संपली की बाटली नष्ट करायची. पण त्याआधी ती एकदा उघडून बघायची, वहीत नोंद करायची आणि नोंदीखाली दोघांनी सह्या करायच्या. एकट्याच्या सहीने तिथे काहीही नष्ट होत नाही. बरीच वर्षं मी या खोलीचा कारभार बघतो आहे आणि तिची सवय अंगात मुरली आहे. माझी बायको म्हणते, हा लोणच्याची बरणीसुद्धा तारीख बघून उघडतो. खरं आहे ते.

दुसरं काम बिनपगारी. लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली वापरणाऱ्यांसाठी मी एका खेळाची पॅकेजं बांधतो. ठोकळ्यावर ठोकळा रचून घरं, डोंगर, पाणी, हवं ते उभं करायचं आणि त्यात हिंडायचं, एवढाच खेळ. तो मुक्त आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. पण तो कच्चा कोड साध्या माणसाच्या काय कामाचा? त्याला लागणारे सुटे भाग जोडून, कुणाच्याही संगणकावर मुकाट बसेल असं गाठोडं कुणीतरी बांधावं लागतं. ते गाठोडं बांधणारा मी. आभार वर्षातून एकदा, शिव्या आठवड्यातून दोनदा.

त्यात आवृत्त्यांचा डोक्याला ताप. खेळातली जागा एका संगणकावर असते, तो सर्व्हर. खेळणाऱ्याजवळ असतो तो क्लायंट, त्या जागेत शिरायचं दार म्हणा. जुन्या सर्व्हरमध्ये नव्या क्लायंटने शिरता येत नाही. म्हणून मी एकाच संगणकावर तीन आवृत्त्या गुण्यागोविंदाने नांदतील अशी सोय केली होती. जुनी, मधली, नवी. ज्याची जागा ज्या काळातली, त्याने ते दार उघडावं.

सगळ्यात जुन्या आवृत्तीतली एक जागा माझी होती. माझी आणि माझ्या चुलतबहिणीची. पोलादपूरच्या वर, घाटरस्त्यापासून आत आमची वाडी. सतरा घरं. आम्ही दोघं शिकत होतो, तेव्हा एका सुट्टीत तिने खेळात सगळी वाडी बांधून काढली आणि मी तिच्या हाताखाली मजुरासारखा राबलो. पायवाटेचं वळण, विहिरीचा कठडा, कुणाच्या पडवीला किती खांब, तिने काही सोडलं नाही. पुढे खेळाची नवी आवृत्ती आली, तेव्हा मी वाडी नव्या आवृत्तीत नेऊन बघितली. दारांचा नियम बदलला होता. सगळी घरं जागेवर राहिली आणि सतराच्या सतरा दारं नाहीशी झाली. बहीण म्हणाली, "दादा, ही नको. बघवत नाही." मग वाडी जुन्यातच ठेवली. माझ्या महाडच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात संगणकाचं एक डबडं आहे, त्यावर ती चालू असते. बहीण पुढे नर्स होऊन पनवेलला गेली, मी कारखान्यात लागलो, आणि त्या वाडीत कुणी जाईनासं झालं, असं मी धरून चाललो.

आता खऱ्या वाडीचं सांगतो. सतरापैकी बारा घरं बंद, माणसं मुंबईला. त्या बारा घरांच्या किल्ल्या बहिणीच्या वडिलांकडे, म्हणजे माझ्या काकांकडे. भिंतीवर बारा खिळे, बारा किल्ल्या. दिवेलागणीला काका घरातून निघायचे आणि एकेका बंद घराची कडी एकदा वाजवायचे. उघडायचं नाही, हाक मारायची नाही. नुसती कडी वाजवायची आणि पुढे जायचं. लहानपणी मी विचारलं होतं, कशाला? म्हणाले, "घराला कळाया नको, कोणतरी हाय म्हणून? नायतर ते दुसऱ्या कोणालातरी आत घेतं." हे ऐकल्यावर कितीतरी दिवस मी बंद घरांच्या बाजूने पायवाटेवर चालत नसे.

पाच वर्षांमागे वाडीच्या वर डोंगराला भेग पडली. वाडीच्या वाटेवरही एक आडवी भेग गेली, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल एवढी. सगळ्यांना खाली महामार्गाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये आणलं. वाटेवर फलक लागला, वर जाणं धोक्याचं आहे. काकी आधीच वारल्या होत्या. काका एकटेच खाली आले आणि येताना बारा किल्ल्या घेऊन आले. शेडच्या पत्र्याला खिळा बसेना म्हणून त्यांनी त्या एका सुतळीत ओवल्या. मी महिन्यातून एकदा जायचो, चहा घ्यायचो, तब्येत विचारायचो आणि निघायचो.

गेल्या पावसाळ्यात मी जुनी आवृत्ती काढायचं ठरवलं. तिला लागणारा एक भाग आता कुठेच मिळत नव्हता, दर वेळी मला तो हाताने जुळवून द्यावा लागे. वापरणाऱ्यांच्या ईमेल-यादीवर विचारलं, जुनी कुणाला हवी आहे का? महिनाभर थांबलो. कुणी हूं का चूं केलं नाही. मुदत संपली, मागणी नाही, म्हणजे बाटली नष्ट करायची. घरीही माझी एक वही आहे, कारखान्यासारखीच, दोन सह्यांची. दुसरी सही बहिणीची. ती लांब असते म्हणून मी फोन करतो, ती ऐकून घेते आणि म्हणते, "कर माझी सही." मग मी तिच्या नावाने करतो.

पण आधी उघडून बघायचं. रविवारी संध्याकाळी, थोडा उजेड उरला होता तेव्हा, मी जुना क्लायंट उघडला आणि वाडीत उतरलो. खेळातही संध्याकाळ होती. बहिणीने तिथलं घड्याळ खऱ्या घड्याळाला जुळवून ठेवलं होतं. मी पायवाटेच्या तोंडाशी, वाडीच्या अलीकडच्या टोकाला उभा होतो. सगळं जागच्या जागी होतं आणि मला बरं वाटलं. तेवढ्यात दार वाजलं.

त्या खेळात दार उघडलं की लाकडाचा एक छोटा आवाज होतो, मिटलं की दुसरा. आवाज वाडीच्या पलीकडच्या टोकाकडून आला. थोड्या वेळाने पुन्हा, जरा जवळून. मग मला दिसलं. पायवाटेवर एक आकृती चालत होती, खेळात कुणालाही सुरुवातीला मिळते तशी साधी. ती एका घराशी थांबली. दार उघडलं, मिटलं. ती पुढे निघाली. मधलं एक घर तिने सोडलं. पुढच्या दाराशी परत थांबली. मी टाइप केलं, कोण आहे? उत्तर नाही. मी बहिणीचं नाव टाइप केलं. उत्तर नाही. दार उघडलं, मिटलं. तिने सोडलेलं घर कुणाचं ते माझ्या ध्यानात आलं. त्या घरात माणसं राहायची, ते कधीच बंद नव्हतं. ती आकृती फक्त बारा दारं करत होती.

ती माझ्यापासून तीन घरांवर आली तेव्हा मी खेळ बंद केला. स्वयंपाकघरात जाऊन बायकोशेजारी उगाच उभा राहिलो, तर ती म्हणाली, "काय हवंय?" काही नाही म्हणालो.

मग डबड्यातली नोंद काढली. सर्व्हर आल्यागेल्याची नोंद ठेवतो. नाव न सांगता येणाऱ्याला आम्ही मराठीत ‘पाहुणा’ असं नाव ठेवलं होतं. गेली चार वर्षं रोज दिवेलागणीला एक ओळ होती : पाहुणा आला. तासाभराने : पाहुणा गेला. कुठून आला, ते कळायला मार्ग नव्हता. त्या दिवशी त्या ओळीखाली माझ्या येण्याजाण्याची ओळ होती, बस.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? बहिणीला फोन केला असता. मी केला नाही. फोन केला तर सांगावं लागणार, आपल्या वाडीत कुणीतरी कड्या वाजवत फिरतंय आणि मी पळून आलो. ती हसली असती. शिवाय मला ते नको होतं, माझ्या घरात, टीव्हीखाली, रोज संध्याकाळी. मी वही उघडली. लिहिलं, जुनी आवृत्ती, मागणी नाही, नष्ट करावी. माझी सही केली आणि तिला न विचारता तिची सही केली. नव्या पॅकेजात एक ओळ घातली, की ज्याच्याकडे जुनी आवृत्ती असेल, त्याच्याकडची आपोआप काढून टाक. सगळं नियमात बसवलं. भीती वाटली म्हणून काढली, ही नोंद मात्र कुठेच नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी मी पहिल्या पाळीवरून घरी आलो आणि बहिणीचा फोन आला. आवाज चढलेला. "दादा, बाबा जेवून बाहेर पडलेत, अजून आले नाहीत. फोन शेडमध्येच आहे. शेजारच्या काकू म्हणतात, तीन दिवस नुसता लॅपटॉप उघडतात नि मिटतात, कुणाशी बोलत नाहीत."

"लॅपटॉप कसला?" मी विचारलं.

"तुझाच जुना, तू मला दिलेला. मी त्यांना वाडी लावून दिली होती. चिन्हावर एकदा दाबलं की थेट आपल्या पडवीत. चार वर्षं झाली. तुला सांगू नको म्हणाले होते, पोरांचा खेळ खेळतो म्हणून हसेल."

पाहुणा म्हणजे काका होते, आणि मी त्यांचं दार काढून टाकलं होतं. तिच्या सहीने. तिला त्या क्षणी काही सांगायची हिंमत झाली नाही. निघतो म्हणालो.

मोटरसायकलवर महाड ते पोलादपूर एरवी अर्धा तास. त्या दिवशी भुरभुर पाऊस होता आणि मी वाटेत कुणाला आडवा गेलो, कुणी शिवी दिली, काही आठवत नाही. शेडमध्ये लॅपटॉप मिटून ठेवलेला, वर व्यवस्थित टॉवेल घातलेला. किल्ल्यांची सुतळी नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कवाधरनं सांगतेय मी, येड्यागत करतायत म्हणून. वरतीच गेलं असतील, दुसरं कुठं जातील?"

फलकापाशी गाडी लावली आणि चढलो. भेग आता चांगली रुंद झाली होती, तिच्यात पाणी जाताना आत कुठेतरी खोल आवाज येत होता. मी ती ओलांडताना खाली बघितलं नाही. वर धुकं उतरलं होतं. वाडी दिसायच्या आधी ऐकू आली. कडी. लोखंडावर लोखंड, एकदा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा, जरा जवळून. मी पायवाटेच्या तोंडाशी, नेमका त्याच जागी उभा होतो. धुक्यात एक आकृती घराघराशी थांबत येत होती आणि खेळ बंद करायची सोय इथे नव्हती.

काकाच होते. डोक्यावर प्लॅस्टिकचं घोंगतं, हातात सुतळी. मला बघून थांबलेसुद्धा नाहीत. "थांब, दोन ऱ्हायलीत," म्हणाले आणि त्या दोन घरांच्या कड्या वाजवल्या. एका घराला छप्पर उरलेलं नव्हतं, नुसती चौकट आणि दार. त्याचीही वाजवली.

मी म्हणालो, "काका, चुकलो. तुम्ही रोज खेळातल्या वाडीत कड्या वाजवता हे मला माहीत नव्हतं. मी ती बंद केली."

"मी कुठं वाजवतो?" ते म्हणाले. "मला चालाया नाय येत त्याच्यात. पोरीनं शिकवलं, पण बोटं नाय वळत. मी आपल्या पडवीत बसून बघतो. वाजवतो तो."

"तो कोण?"

"ते नाय ठाऊक. पाठमोराच असतो. वाडीतलाच असणार, दारं बराबर ठाऊक हायत त्याला." त्यांनी सुतळी कोपरीच्या खिशात घातली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "चार वर्सं तो करत व्हता म्हणून मी खाली निवांत बसलो. तू त्याला घालवलास. मंग मलाच याया लागलं ना रे?"

त्यांचा हात धरून निघालो. भेगेपाशी मी आधी पलीकडे गेलो आणि हात पुढे केला. त्यांनी तो धरलाही, पण कडेची माती सुटली आणि त्यांचा उजवा पाय आत गेला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यांना बाहेर ओढून, पाठीवर घेऊन मी रस्त्यापर्यंत आणलं. वाटभर ते कण्हत होते आणि मध्येच माझ्या कानाशी म्हणत होते, "जपून टाक पाय." मोडलेल्या पायाचा माणूस मला जपून चाल म्हणत होता. रडू आलं ते मी पावसात खपवून टाकलं.

मांडीचं हाड. शस्त्रक्रिया झाली. बहीण वीर स्टेशनला गाडीतून उतरून रिक्षाने आली, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर मी तिला सगळं सांगितलं. सहीचंसुद्धा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फोन केला असतास तर?" एवढंच. तिने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

काका आता वॉकर धरून शेडच्या दारापर्यंत येतात. वाडी चढणं या जन्मात नाही, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे. मी जुनी आवृत्ती परत बांधली. तो न मिळणारा भाग जुळवायला आठ दिवस गेले. आठही दिवस काका दर संध्याकाळी विचारायचे, "झालं का?" आणि किल्ल्यांची सुतळी बोटांत फिरवत बसायचे.

झालं त्या संध्याकाळी मी त्यांच्या खाटेशेजारी बसलो. त्यांनी स्वतः चिन्हावर दाबलं. पडवी आली, खांब आले, समोर पायवाट. काकांनी हात मांडीवर ठेवले. त्यांचं बोट कुठल्याही बटणावर नव्हतं, हे मी मुद्दाम बघितलं. माझ्या फोनवर मी घरच्या डबड्याची नोंद उघडून ठेवली होती. तिच्यात एक ओळ आली : पाहुणा आला. ती काकांची. मी दुसऱ्या ओळीची वाट बघितली. दुसरी आली नाही.

लांब कुठेतरी दार उघडलं, मिटलं. मग पुढचं. पाठमोरी आकृती पायवाटेने गेली, पडवीसमोरून, आमच्याकडे न बघता. मला शेडच्या दारातून पळून जावंसं वाटत होतं. काका मात्र एकेक दार मोजत होते, ओठांतल्या ओठांत. बारा झाल्यावर त्यांनी सुतळी उशाखाली ठेवली. "आला बघ," म्हणाले, आणि त्या अपघातानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

मी वही बरोबर आणली होती. नवी नोंद लिहिली. जुनी आवृत्ती ठेवावी, मुदत नाही. वापरणारे या रकान्याशी मी अडलो. मग लिहिलं : दोन. माझी सही केली. दुसरी सही काकांना मागितली. त्यांनी चष्मा लावला, नोंद वाचली, नाव सावकाश, अक्षर अक्षर लावत लिहिलं. वही मी मिटणार, एवढ्यात त्यांनी पान बोटाने दाबून धरलं.

"खाली एक ओळ सोड रे," म्हणाले. "त्याला."

मी ओळ सोडली.